फॉरमॅट असू द्या, पण आत काय लिहायचं ते कधी शिकवणार?

दहावीचा इंग्रजीचा पेपर झाला की दरवर्षी तोच वाद सुरू होतो, शिक्षकांच्या खोलीत, पालकांच्यात, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा. एक बाजू म्हणते की ते न्यूज रिपोर्ट, आर्टिकल, स्पीच वगैरे काढूनच टाका पेपरातून, मुलं सगळं पाठ करून येतात आणि साच्यात शब्द भरतात, ह्याला काय लेखन म्हणायचं? दुसरी बाजू म्हणते उगाच मोठमोठ्या गप्पा नकोत, फॉरमॅट पाठ करा, हेडलाइन, डेटलाइन (म्हणजे गाव आणि तारीख), खाली दोन परिच्छेद, पाचपैकी चार कुठे जात नाहीत. मी एका अनुदानित मराठी शाळेत एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि हा वाद मी दोन्ही बाजूंनी केलेला आहे, त्यामुळे आता स्पष्ट दिसतंय की दोघंही चौकटीवरच भांडतायत. एकाला चौकट मोडायची आहे, दुसऱ्याला ती रंगवून भिंतीला टांगायची आहे. आतलं चित्र कुठंय हे कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बातमी, अहवाल, लेख हे प्रश्न पेपरात राहिलेच पाहिजेत, त्यांचा फॉरमॅटही राहिला पाहिजे, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला तर तो जास्तच नीट शिकवला पाहिजे. पण आपण जे शिकवतोय ते लेखन नाही. मुलाचं इंग्रजी कच्चं म्हणून रिपोर्ट फसतो असं आपण समजतो, खरंतर तो इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधीच फसलेला असतो, कारण काय घडलं, त्यातलं महत्त्वाचं काय, आधी काय सांगायचं आणि मग काय, हा विचार त्याच्याकडून कधी करूनच घेतलेला नसतो. तो विचार मराठीत करायचा असतो, शाळेत, पेपरच्या कितीतरी आधी. तो झाला की साधं, तुटक, पण खरं इंग्रजी त्याच्या मागून येतं, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत हल्ली प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका असते. तृतीय भाषा म्हणून इंग्रजी घेणाऱ्यांना 80 मार्कांची लेखी परीक्षा, आणि त्यात पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर आणि बातमी किंवा गोष्ट असे लेखनाचे प्रश्न पाच-पाच मार्कांचे. बातमीला बहुतेक वेळा हेडलाइन दिलेली असते, मुलानं डेटलाइन टाकायची, पहिल्या एक-दोन वाक्यात मुख्य गोष्ट सांगायची आणि मग बाकीचा तपशील. बारावीला रिपोर्ट, ई-मेल, मुलाखत असे पर्याय येतात. सीबीएसईच्या बारावीला लेख किंवा रिपोर्ट पाच मार्कांचा, शब्द 120 ते 150, त्यात फॉरमॅटला 1, मांडणीला 1, आशयाला 2, व्याकरण-स्पेलिंगला 1. पूर्वी तिथे हाच प्रश्न दहा मार्कांचा होता आणि शब्द 150 ते 200 होते. ह्या वाटणीकडे जरा नीट बघा, आशय आणि मांडणी मिळून पाचातले तीन मार्क आहेत. म्हणजे कागदावर तरी कोणी फॉरमॅटला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. बसवलंय ते आपण, वर्गात आणि क्लासमध्ये.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही. माझी भाची ह्या वर्षी दहावीला आहे, तालुक्याच्या गावी, मराठी माध्यम. जानेवारीत माझ्याकडे दोन दिवस राहायला आली होती तेव्हा सराव म्हणून मी तिला हेडलाइन दिली, शाळेत वृक्षारोपण. तिनं दहा मिनिटांत लिहून दिलं. सुवाच्य अक्षर, डेटलाइन बरोबर, 'बाय अ स्टाफ रिपोर्टर' जागच्या जागी. खाली काय, तर 'द प्रोग्राम स्टार्टेड विथ द लायटिंग ऑफ द लॅम्प', मग चीफ गेस्टनं झाडांचं महत्त्व सांगितलं, मग सगळे खूप आनंदी झाले, मग 'इट वॉज अ ग्रँड सक्सेस' आणि व्होट ऑफ थँक्स. व्याकरणाची चूक एकही नाही. मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, तुमच्या शाळेत झालं होतं का गं हे? तर म्हणाली, हो मामा, जुलैत झालं होतं की. म्हटलं, मग सांग बरं काय झालं होतं.

आणि मग ती जे बोलायला लागली ते असं की साठ रोपं आणली होती, पाहुणे दोन तास उशिरा आले, पाऊस भुरभुरत होता आणि मुलं रांगेत उभी, फोटो झाल्यावर निम्मी रोपं आम्हीच लावली कारण पाहुणे गेले, जागा निवडली ती कंपाउंडच्या पलीकडच्या अंगाला आणि नळ आहे ह्या टोकाला, पाणी घालायला कोण जाणार, दिवाळीच्या सुट्टीत तर कोणीच गेलं नाही, तारेचं कुंपण एका जागी तुटलंय तिथून शेळ्या आत येतात, करंजाची तेवढी राहिली कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणे, आणि आठवीच्या तीन मुली घरून बाटलीत पाणी आणून घालतात त्यांची रोपं बघ मामा, एवढी झालीत. हातानं कमरेएवढी दाखवली. आता किती जगलीत, मी विचारलं. अकरा का तेरा, म्हणाली. हे सगळं दोन मिनिटांत. त्यात आकडा होता, कारण होतं, जागा होती, माणसं होती, एक वाईट बातमी होती आणि एक चांगली. हे तिच्या डोक्यात होतं, आणि कागदावर मात्र दीपप्रज्वलन.

हे असं का होतं? ती मुलगी हुशार आहे, खोटारडी तर मुळीच नाही. पण दहा वर्षांत तिला कोणीही सांगितलेलं नाही की तू जे पाहिलंस ते इंग्रजीच्या पेपरात लिहायच्या लायकीचं आहे. तिची समजूत अशी की पेपरात एक वेगळं जग असतं, तिथे सगळे कार्यक्रम यशस्वी होतात आणि सगळी रोपं जगतात, आणि त्या जगाची भाषा गाइडात मिळते.

फॉरमॅटच्या विरोधकांकडे इथे एक जोरदार मुद्दा आहे आणि तो मला टाळायचा नाही. ते म्हणतील, बघा, हेच तर आम्ही सांगतोय, साच्यानंच मुलीचा घात केला. आणि इतिहासही त्यांच्या बाजूनं उभा करता येतो. चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेत मिंग राजवटीपासून पुढे काही शतकं 'आठ पायांचा निबंध' चालत होता, म्हणजे ठरलेले आठ भाग, ठरलेला क्रम, जोडीजोडीनं येणारी वाक्यं. विद्वानांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यात खपल्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी तो निबंध गेला, मग 1905 साली ती परीक्षाच बंद झाली. तिथल्या सुधारकांनी देशाच्या मागासलेपणाचं खापर ज्या गोष्टींवर फोडलं त्यात हा निबंध होता. साचा माणसाचा विचार मारू शकतो हे त्यामुळे मी मान्य करतो, सरळ मान्य करतो.

पण त्या निबंधाचं नेमकं काय चुकलं ते तरी बघा. आठ भाग होते म्हणून तो मेला का? विषय काही ठराविक प्राचीन ग्रंथांतूनच यायचे, विद्यार्थ्यानं स्वतः पाहिलेल्या जगाला तिथे जागा नव्हती, आणि पास झालेल्यांचे नमुना निबंध छापून बाजारात विकले जायचे, मुलं ते घोकायची. आपल्याकडच्या गाइडांची आणि अपेक्षित प्रश्नसंचांची आठवण होते की नाही? रोग तिथे होता. भाग आठ असते काय आणि तीन असते काय, आत बाहेरून आणलेला मालच भरायचा असेल तर कोणताही साचा कुजतो. उद्या तुम्ही फॉरमॅट काढून टाकलात आणि 'मुक्तपणे लिहा' म्हणालात तर काय होईल? मुक्त लेखनाचे नमुने छापून येतील. आत्ताही कल्पनाविस्ताराचे येतातच की, आणि मराठीच्या पेपरातला निबंध तर पूर्ण मोकळा असतो, तरी 'मी फळा बोलतोय' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' किती मुलांनी स्वतःच्या फळ्याकडे आणि स्वतःच्या पावसाकडे बघून लिहिलाय?

आणि आपल्याला साच्यात बसवून जिवंत लिहायची सवय नाही असं थोडंच आहे. पेशवाईतली पत्रं काढून बघा. मायना ठरलेला, कोणाला श्रीमंत राजश्री लिहायचं, कोणाला साष्टांग नमस्कार आणि कोणाला आशीर्वाद ते ठरलेलं, 'विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असले पाहिजे' हे ठरलेलं, आणि मग एक शब्द येतो, 'विशेष'. त्या शब्दानंतर खरं पत्र सुरू होतं. दिल्लीहून हिंगण्यांसारखे वकील पुण्याला लिहायचे तेव्हा बादशाही दरबारात काय शिजतंय, कोण कुठे निघालाय, पैशाची काय ओढ आहे, हे सगळं त्या 'विशेष'च्या खाली यायचं. मायना कारकुनाच्या हातात बसलेला असायचा म्हणून तर लिहिणाऱ्याचं डोकं मजकुरासाठी मोकळं राहायचं. माझ्या मुलांना हेच हवंय, वरचं 'सेवेसी' हातात बसलेलं आणि डोकं 'विशेष'साठी मोकळं. आपण काय केलं, मायना शिकवला, दहा वेळा लिहून घेतला, आणि 'विशेष' शब्द आला की फळा पुसला.

बातमीत सगळ्यात महत्त्वाचं आधी हा नियम मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना तो परका वाटतो, इंग्रजी पेपरवाल्यांचा वाटतो. मग मी पानिपत सांगतो. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली आणि त्यानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकाराचा तो सांकेतिक निरोप पडला, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शब्दांत आणि आकड्यांत सांगणाऱ्यागणिक थोडा फरक पडतो पण क्रम कधीच बदलत नाही. आधी विश्वासराव आणि भाऊ, मग सरदार, मग सैन्य. आता ह्याला लीड, म्हणजे बातमीची पहिली मुख्य ओळ, नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? एका ओळीत सगळी बातमी, सगळ्यात मोठं नुकसान पहिल्यांदा, मोजता आलं तिथे आकडा, नाही आलं तिथे नाही असं सांगितलेलं. वृत्तपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही जुनी रीत आहे आणि म्हणूनच वरचं वजनदार असावं लागतं. त्या निरोपाचं शेवटचं वाक्य कापा, तरी कळायचं ते कळतंच. हे सांगितलं की दहावीच्या मुलाला इन्व्हर्टेड पिरॅमिड (महत्त्वाचं वर, किरकोळ खाली) वेगळा समजावून सांगावा लागत नाही, आणि तो विसरतही नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, फॉरमॅट पाठ करा आणि मार्क घ्या म्हणणाऱ्यांकडे. ह्यांना शिव्या घालणं सोपं आहे पण त्यातले बरेच जण माझ्यासारखेच शिक्षक आहेत आणि त्यांच्या समोर कोण बसलेलं असतं ते मला माहितीय. आपल्या राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. इतकी वर्षं पहिलीपासून शिकवून परिस्थिती काय? 'असर' ह्या शिक्षणाच्या वार्षिक पाहणीचं 2023 चं 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांचं सर्वेक्षण सांगतं की इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं 57.3 टक्के, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांनाच वाचलेल्याचा अर्थ सांगता येतो. हा देशाचा आकडा आहे पण माझ्या वर्गातलं चित्र फार वेगळं नाही. ज्या मुलाला वाक्य वाचता येत नाही त्याला तुम्ही 'स्वतःचा विचार मांड' म्हणणार? 35 मार्कांच्या काठावर उभ्या असलेल्या पोरासाठी ती पाठ केलेली डेटलाइन म्हणजे विहिरीत सोडलेला दोर असतो. तो दोर कापायचा हक्क मला नाही, आणि शहरात बसून 'पाठांतर बंद करा' म्हणणाऱ्यालाही नाही. ही गोष्ट मी मनापासून मान्य करतो.

पण दोर बाहेर काढण्यासाठी असतो ना? आपण त्या मुलाला दोराला धरून तिथेच लटकत ठेवलंय. त्याला 'इट वॉज अ ग्रँड सक्सेस' येतं, पण 'नळ लांब आहे' हे इंग्रजीत येत नाही. दोन्ही वाक्यांत सोपं कोणतं सांगा. 'द टॅप इज फार', चार शब्द. 'नोबडी वॉटर्ड द प्लांट्स', चार शब्द. कच्च्या मुलाला खरी गोष्ट लिहिणं पाठ केलेल्या गोष्टीपेक्षा सोपं जातं, कारण खरी गोष्ट आठवावी लागते आणि पाठ केलेली घोकावी लागते, आणि घोकलेल्यातला एक शब्द सुटला की पुढचा अख्खा परिच्छेद कोसळतो. मी पेपर तपासलेत, अर्ध्यात कोसळलेले असे कितीतरी परिच्छेद पाहिलेत, 'चीफ गेस्ट वॉज लायटिंग ऑफ' आणि पुढे काहीच नाही. तिथे पेन थांबलेलं दिसतं कागदावर, शाईचा ठिपका पडलेला असतो.

शिवाय आपलेच लोक इंग्रजीत अहवाल लिहायला कसे शिकले ते बघितलं तर ह्या मुलांसाठी रस्ता तिथेच सापडतो. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ला निघाली. 1876 ते 78 चा दुष्काळ पडला तेव्हा सभेनं जिल्ह्याजिल्ह्यातून, गावागावातून माहिती गोळा केली, पीक किती बुडालं, गुरं किती मेली, लोक कुठे निघून गेले, आणि ती सगळी माहिती इंग्रजीत मांडून मुंबई सरकारला पाठवत राहिली. ती माहिती देणारा शेतकरी मराठीत बोलत होता, विचारणारा मराठीत विचारत होता. इंग्रजी सगळ्यात शेवटी आलं. सरकारला ते कागद बाजूला सारणं अवघड गेलं असेल तर ते आतल्या तपशिलामुळे, भाषेच्या नटवेपणामुळे नक्कीच नाही.

त्याहून जवळचं उदाहरण जोतीराव फुल्यांचं. 19 ऑक्टोबर 1882 ला त्यांनी हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगाला, जे निवेदन दिलं ते इंग्रजीत आहे आणि माझ्या मते शाळेत लेख-अहवाल शिकवायला त्याच्याइतका चांगला नमुना आपल्याकडे नाही, पण तो आपण शिकवत नाही. सुरुवात कशी आहे? शिक्षणाचं महत्त्व, मानवी जीवनात ज्ञानाचं स्थान, असलं काही नाही. माझा अनुभव पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, इथून ते सुरू करतात. मी कोण, मी काय पाहिलं, मी कोणत्या शाळा काढल्या. मग मुख्य गाऱ्हाणं, सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मग मागण्या, आणि मागण्या पण कशा, तर प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, गावच्या मास्तरला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत. अनुभव, मुद्दा, पुरावा, मागणी. हा फॉरमॅटच आहे की! कोणत्याही दहावीच्या मुलाला तो चार शब्दांत सांगता येईल. फरक एवढाच की फुल्यांनी त्यात स्वतःचं पुणे भरलं.

तिसरा आक्षेप आमच्या तपासनीस मंडळींचा, आणि तोही खरा आहे. दहावीला दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं बसतात. एकेका शिक्षकाकडे पेपरांचे गठ्ठे, दिवस मोजके, एका रिपोर्टला फार तर मिनिट-दोन मिनिटं. अशा वेळी प्रत्येकानं वेगळंच लिहिलं तर मार्क द्यायचे कशाच्या आधारावर? फॉरमॅट निदान सगळ्यांना सारखा मोजतो, तपासणाऱ्याच्या लहरीपासून मुलाला वाचवतो. हो, वाचवतो. पण आशय सुद्धा मोजता येतो, त्याला काही दिव्यदृष्टी लागत नाही. पहिल्या दोन वाक्यांत काय-कुठे-कधी कळलं का? एखादा आकडा, एखादं नाव, एखादी जागा आहे का? काहीतरी का घडलं ह्याचं एक कारण आहे का? एखाद्या माणसाचं बोलणं आहे का? हे चार प्रश्न मिनिटभरात बघून होतात, डेटलाइन कोणत्या कोपऱ्यात आहे ते बघायला लागतो त्याहून जास्त वेळ जात नाही. आदर्श उत्तरपत्रिकेत एवढं लिहून आलं की दुसऱ्याच वर्षी सगळे क्लासेस मुलांना आकडा आणि कारण शोधायला लावतील, ह्याची मला खात्री आहे. आपल्याकडे शिकवणं तपासणीच्या मागून चालतं, हे वाईट असेल पण आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

उलट काय होतं त्याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलानं सराव परीक्षेत क्रीडा स्पर्धेच्या बातमीत लिहिलं होतं की कबड्डीचा अंतिम सामना अर्धवट राहिला कारण मैदानावर अंधार पडला आणि लाइटची सोय नव्हती. इंग्रजी मोडकं होतं, दोन जागी क्रियापद चुकलं होतं. दुसऱ्या शाळेत तपासून आलेल्या त्या पेपरवर लाल शाईत शेरा होता की रिपोर्टमध्ये नकारात्मक गोष्टी लिहू नयेत, आणि पाचापैकी दोन. त्याच गठ्ठ्यात दीपप्रज्वलनवाल्यांना चार. मुलानं मला विचारलं, सर, पण झालं तर तसंच होतं. मी त्याला काय सांगितलं ते आज लिहिताना त्रास होतो. मी म्हटलं, बोर्डात असं लिहू नकोस. त्याच्या पुढच्या सगळ्या बातम्या यशस्वी कार्यक्रमांच्या होत्या. ते मी शिकवलं त्याला.

मोबाइलवर आता एआय सेकंदात रिपोर्ट लिहून देतं, मग हे शिकवायचंच कशाला, असंही काही पालक म्हणायला लागलेत. त्यांनी एकदा करून बघावं. आपल्या मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनावर रिपोर्ट मागावा. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, प्रचंड यश आणि आभार. जे यंत्र फुकट देतंय त्याच्यासाठी आपण आपल्या मुलांची वर्षं घालवतोय, हे बघितल्यावर तरी काय शिकवायचं ते बदलेल अशी आशा आहे.

मग वर्गात करायचं काय? मी गेली पाच-सहा वर्षं जे करतोय ते सांगतो, त्यात शोध काही नाही. आधी बोलायचं, मराठीत, जे झालं ते. मी फळ्यावर मुद्दे लिहितो, मराठीतच, जसे येतील तसे. मग मुलांनी ठरवायचं की गावातल्या ज्या माणसाला एकच ओळ ऐकायला वेळ आहे त्याला कोणती ओळ सांगाल, ती वर जाते. ह्यावर खूप भांडण होतं आणि ते होऊ देतो कारण शिकणं तिथेच आहे. मग लेख आणि बातमी ह्यातला फरक. बातमीत रोपं मेली एवढं सांगायचं, कोणी काय म्हटलं ते त्याच्या नावावर घालायचं, लेखात मात्र तुला काय वाटतं ते यायला पाहिजे, पुढच्या वर्षी रोपं कमी लावा पण नळाजवळ लावा असं म्हणायचं असेल तर ते लेखात. हा फरक मराठीत पाच मिनिटांत कळतो, इंग्रजी व्याख्येनं वर्षभर कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी, छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, माहीत असलेलेच शब्द. करंजाला इंग्रजीत काय म्हणतात माहीत नसेल तर करंजच लिहा. मराठी आणि इंग्रजी असं शेजारी शेजारी ठेवून लिहायला लाजायचं कारण नाही, 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं तेव्हा त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी होतं. आपली वृत्तपत्रं जिथून सुरू झाली तिथे दोन्ही भाषा एका पानावर बसल्या होत्या, शाळेच्या वहीतही बसतील.

ह्याला वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे पडतो, मुख्याध्यापक विचारतात, पालकही विचारतात की गाइडातले रिपोर्ट कधी घेणार. आणि चार-पाच मुलं अशी राहतातच की ज्यांना शेवटी तो पाठ केलेला दोरच द्यावा लागतो, फेब्रुवारी आला की मीही देतो. पण बाकीच्या तीस-पस्तीस मुलांना त्या चार-पाचांच्या नावाखाली आयुष्यभर दीपप्रज्वलन लिहायला लावणं मला पटत नाही.

भाचीनं त्या संध्याकाळी रिपोर्ट पुन्हा लिहिला. हेडलाइन दिलेली, डेटलाइन बरोबर, ह्या वेळी खाली पहिलं वाक्य होतं, 'आउट ऑफ सिक्स्टी सॅपलिंग्ज प्लांटेड इन जुलै, ओन्ली', आणि तिथे ती थांबली. अकरा की तेरा ते तिला नक्की आठवेना. मी म्हटलं, अंदाजानं लिही. ती नको म्हणाली, जागा रिकामी सोडली आणि पुढचं लिहून काढलं, नळ, कुंपण, शेळ्या, बाटलीतून पाणी आणणाऱ्या तीन मुली, सगळं. सोमवारी शाळा सुटल्यावर तिचा फोन आला, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मामा, मोजली मी, तेरा आहेत, आणि दोन वाळलेली वाटत होती त्यांना खालून फुटवा आलाय, ती जगली धरायची का?